गडग्याच्या डोक्यावरचे दगड

गडग्याच्या डोक्यावरचा आणखी एक दगड गेला होता. अर्ची गिलफिलनने रिकाम्या जागेवरून बोटं फिरवली. खालच्या दगडावरची ओल अजून सुकली नव्हती. म्हणजे आजच, सकाळी.

पेंटलंडच्या बाकीच्या टेकड्यांवर सुट्टीच्या दिवशी अर्धं एडिनबरा लोटतं. या टेकडीकडे कुणी फिरकत नाही. पायवाट धड नाही, आणि हेदरची खुरटी झुडपं पोटऱ्या सोलून काढतात. मग दगड नेतो कोण? अर्चीच्या मनात एकच नाव होतं. वॉटी पर्व्हिस, मेंढपाळ. त्याच्या दारात अलीकडेच नवी फरशी दिसली होती.

अर्चीने उभा जन्म गडगे रचले. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड. हा शेवटचा, वॉटीच्या भावासोबत, नीलसोबत रचलेला. नील हिवाळ्यात गेला. डोक्यावरचे जड दगड खालच्यांना दाबून धरतात. ते हलले की गडगा ढासळणार आणि मेंढ्या थेट हमरस्त्यावर.

वर हेदरमध्ये वॉटी लंगडत चढत होता. पाठीवरची पिशवी लोंबत होती. अर्ची अंतर ठेवून मागे निघाला. फुलांचा जांभळा भुगा बुटांवर साचला.

माथ्यावर पोचून वॉटीने पिशवीतून दगड काढला आणि तिथल्या दगडांच्या राशीवर ठेवला.

"चोरा!"

"ओरडू नकोस. नीलचा आहे तो."

गेलेल्या माणसाच्या नावाने माथ्यावर दगड वाहायचा, ही इथली जुनी रीत.

"नीलचाच गडगा मोडून नीललाच वाहतोस होय?"

"गुडघा गेलाय रे. टेकडीच्या तळापासून ओझं झेपत नाही. वाटेत मिळतो तो उचलतो."

"तळापासून आणला तरच तो वाहिलेला. नाहीतर नुसता हलवलेला."

वॉटीने राशीवरचा दगड उगीच सारखा केला.

"आणि तुझ्या दारातली फरशी?"

"ती बायकोने शहरातून आणवली, संशयखोरा! जा, बघून ये."

अर्चीने राशीतून गडग्याचे दगड वेचून काढले. दोन वॉटीच्या पिशवीत घालून ती स्वतःच्या पाठीला लावली. एक वॉटीच्या हातात दिला.

"उतरताना गुडघा दुखतो," वॉटी कुरकुरला.

"दुखू दे. बाकीचे मी उद्या नेतो. नीलसाठी तळाच्या ओढ्यातला दगडही मीच चढवीन. तू नुसता सोबत ये."

खाली येऊन अर्चीने तिन्ही दगड ठोकून बसवले, हलवून पाहिले.

घरी जाताना मात्र तो वाट वाकडी करून वॉटीच्या दारावरून गेला. वाकला. कडा यंत्राने कापलेल्या, सरळ. फरशी शहरातलीच होती.