सहा मितींचा ताळा

बिबवेवाडीत माझी खोली एका ग्रिल-वर्कशॉपच्या वर होती. वर्कशॉप दोन भावांचं. वडिलांची जागा त्यांनी निम्मी-निम्मी करून मध्ये भिंत घातली होती, आणि थोरल्याला आता धाकट्याच्या निम्म्यातला रस्त्याकडचा तुकडाही हवा होता.

पीएच.डी.च्या मुलाखतीला निघालो त्या सकाळी थोरल्यानं धाकट्याला शटरवर आपटलं होतं. नाकातलं रक्त पुसत धाकटा म्हणाला, "मार दादा. भिंत हलणार नाय."

थोरल्यानं लोखंडी पाइप उचलला. मी मध्ये हात घातला. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. दुसरा घाव धाकट्याच्या डोक्यात बसला आणि तो माझ्या पडलेल्या फायलीवर कोसळला. शेजाऱ्यांनी थोरल्याला आडवा पाडला, आणि तो निपचित झाल्यावरही त्याला तुडवत राहिले.

फायलीत माझा तक्ता होता: किती मितींच्या विश्वात कमीत कमी किती सुपरचार्ज असतात. एका जातीच्या कणाला दुसऱ्या जातीचा करणारी क्रिया म्हणजे सुपरचार्ज. मितींवरून एक मोठी संख्या येते आणि अटी लागू होतील तशी ती निम्मी होत जाते. दहा मितींत दोन अटी लागतात, चौसष्टाचे सोळा उरतात. सहाचा रकाना रक्तात गेला होता. हाताला पट्टी बांधून घेतली आणि रिक्षात डाव्या हातानं तो पुन्हा मांडला. सहा मितींची मूळ संख्या सोळा; दहासारखंच तिला दोनदा निम्मं केलं. चार.

मुलाखत घेणाऱ्या समितीतल्या मॅडमनी कागद पाहिला. "सहाला चार? छान. निसर्गाला कळवलंत का?"

समितीतले दोघं हसले. माझी जागा गेली असं वाटलं. नुसतं उत्तर लिहिलं की आमच्या तालुक्याच्या शाळेतले गुरुजी पट्टी उभी धरून बोटं फोडायचे आणि ताळा मागायचे. त्या पट्टीचे आभार मानवत नाहीत; पण ताळा त्यांनीच शिकवला.

मी डाव्या हातात खडू घेतला. दोन मिती गुंडाळून सहातून चारात उतरलं तरी सुपरचार्जची संख्या बदलत नाही. तिथं चार-चार सुपरचार्जचे दोन संच मिळतात, हे मला पाठ होतं. म्हणजे आठ. सहात दुसरी अट लागतच नाही. मी तिथं उगाच कापलं होतं.

"आठ," मी म्हणालो. "माझं चुकलं."

मॅडमनी माझ्या मनगटावरच्या पट्टीकडे पाहिलं. "हात बरा झाला की रुजू व्हा."

खोलीवर आलो तेव्हा शटरवरचं रक्त वाळलं होतं, भिंत उभी होती. दवाखान्यात धाकटा अजून शुद्धीवर आला नव्हता. निवड झाल्याचं आईला फोनवर सांगितलं. हाताचं सांगितलं नाही.