नुसतं बघायची परवानगी

मुरबाडच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळते. कागदावर माझं पद लॅब असिस्टंट, त्यामुळे प्राध्यापक मंडळींना माझ्याकडून दोनच गोष्टी हव्या असतात: प्रोजेक्टर चालू करणं आणि प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढणं. लॅबमधल्या सर्व्हरचा संसार मात्र गेली सहा वर्षं मी एकटीनं चालवतेय, आणि तो कसा चालवायचा हे मला कुणीही शिकवलेलं नाही. शहापूरहून किन्हवली, सरळगाव करत रोज स्कूटरवरून येते आणि आदल्या दिवशी अडलेली गोष्ट वाटेत डोक्यात घोळवते. माझं निम्मं शिक्षण त्या रस्त्यावर झालंय. हे मी फुशारकीनं सांगतेय, कळतंय मला.

दोन वर्षांपूर्वी शेवटच्या वर्षाला एक मुलगी होती, डोळखांबकडच्या पाड्यावरची. मीही तिकडचीच. ती मुरबाडला वसतिगृहात राहायची. तिच्या प्रोजेक्टचा विषय होता भाताची पानं. पानाचा फोटो दिला की तिचा प्रोग्रॅम सांगायचा, करपा रोग पडलाय की नाही. फोटो तिनं स्वतः बापाच्या खाचरात गुडघाभर चिखलात उभं राहून काढलेले. उत्तरं बरोबर यायची, पण एका फोटोला चार मिनिटं लागायची. शुक्रवारी बाहेरचे परीक्षक येणार होते. त्यांच्यासमोर दहा फोटो तपासून दाखवायचे आणि वेळ मिळणार पंधरा मिनिटं. सोमवारी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"ताई, टाइम कुठं जातो तेच कळत नाय. माझी आकडेमोड तर इतकुशी हाय."

हे शोधायला एक साधन असतं, प्रोफायलर म्हणतात. चालत्या प्रोग्रॅमवर ते नजर ठेवतं आणि कुठल्या कामात किती वेळ गेला ते मांडून दाखवतं. पण त्यासाठी त्याला थेट सिस्टीमच्या पोटात डोकवावं लागतं, आणि तिथं दुसऱ्यांचे उद्योगही दिसतात. म्हणून साध्या विद्यार्थ्यानं ते चालवलं की सर्व्हर तोंडावर दार लावतो: परवानगी नाही. तिला तेच उत्तर मिळालं होतं.

विभागप्रमुखांनी लगेच तोडगा काढला. "रूटचा पासवर्ड देऊन टाका तिला. चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

रूट म्हणजे सर्व्हरचा मालक. तो काहीही बघू शकतो आणि काहीही पुसू शकतो. आदल्या वर्षी अशाच 'चार दिवसांसाठी' एका विद्यार्थ्याला पासवर्ड दिला होता. त्यानं स्वतःची फाइल पुसायला जाऊन अख्ख्या वर्गाचं काम पुसलं. बिचाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. मुलं रडली, आणि सुट्टीभर मिळतील ते तुकडे गोळा करत बसले मी. तेव्हा मी सरळ सांगितलं, पासवर्ड देणार नाही.

"मग तिचा प्रोजेक्ट नाही चालला तर उत्तर तुम्ही द्यायचं."

"देईन," म्हटलं मी. रागात माझ्या तोंडाला कुलूप राहत नाही. संध्याकाळी स्कूटरवर बसल्यावर लक्षात आलं, की उत्तर मी देईन हो, पण वर्ष तिचं जाईल. हट्ट माझा आणि नुकसान तिचं. सरळगाव येईपर्यंत मला स्वतःचाच राग येत होता.

आणखी एक सोपी वाट होती. सिस्टीममध्ये एक आकडा बदलला की प्रोफायलर सगळ्यांनाच मोकळा होतो. म्हणजे मग कुणीही कुणाच्याही कामात डोकवावं. तेही मला नको होतं. मला हवं होतं ते एवढंच: तिला बघता यावं, पण कशाला हात लावता येऊ नये.

आणि तशी सोय असते. मंगळवारी मी एक ग्रुप बनवला आणि त्यात तिला घातलं. प्रोफायलर फक्त या ग्रुपलाच चालवता येईल असं केलं आणि प्रोफायलरच्या फाइलला केवळ बघण्याचा अधिकार दिला, मालकीचा नाही. ग्रुप लागू व्हायला पुन्हा लॉगिन करावं लागतं, तेही करून झालं. तिनं कमांड दिली.

परवानगी नाही.

बुधवार सगळा त्यातच गेला. मी अधिकार काढले, पुन्हा दिले, नवं लॉगिन बनवून पाहिलं, सर्व्हरही बंद करून चालू केला. अधिकार दिलेला स्पष्ट दिसत होता आणि दार उघडत नव्हतं. दुपारी मी तिच्यावरच खेकसले, "तूच काहीतरी चुकीचं टाइप करतेस." कमांड मोठ्यानं एकेक अक्षर म्हणत तिनं पुन्हा टाइप केली. तिचं काहीच चुकत नव्हतं. मला लाज वाटली, पण ती मी त्या दिवशी बोलून दाखवली नाही. आता लिहितेय.

गुरुवारी सकाळी मी डोकं धरून बसले आणि नुसतं पुटपुटले, "आहे तरी काय या फाइलीत?" तिनं ते मनावर घेतलं आणि फाइल उघडलीच. असलं साधन उघडलं तर पडद्यावर अगम्य चिन्हांचा चिखल दिसायला हवा.

"ताई, ही तर वाचता येते!"

मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. इथं घोडं पेंड खात होतं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! नाव प्रोफायलरचं, पण आत नुसती काही ओळींची चिठ्ठी होती. सिस्टीमची आवृत्ती कोणती चालू आहे ते बघायचं आणि आतल्या फोल्डरमधल्या खऱ्या प्रोफायलरला हाक मारायची, एवढंच तिचं काम. मी दोन दिवस त्या चिठ्ठीला अधिकार देत बसले होते.

ही चूक माझ्या पाड्याची. आमच्याकडे लग्नाचं आवतण वाटेवरच्या पहिल्या घरी दिलं की दिलं. तिथून ते घरोघर पोचतं, आणि मला वेगळं सांगितलं नाही म्हणून कुणी रुसत नाही. मीही दारातल्या फाइलला अधिकार दिला आणि तो आत आपोआप पोचेल असं धरून चालले. शहरात प्रत्येक घराला वेगळं आवतण लागतं, तिथल्या माणसानं कदाचित पहिल्याच झटक्यात आतल्यालाही सांगितलं असतं. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती खो-खो हसली.

"आमी पण तेच केलं असतं, ताई. पयल्या घरी सांगून सुटलो असतो."

आतल्या खऱ्या फाइलला अधिकार द्यायला अर्धं मिनिट लागलं. प्रोफायलर चालला. तिची आकडेमोड खरंच इतकुशी होती. सगळा वेळ जात होता तो एक भलीमोठी फाइल डिस्कवरून वाचण्यात. पानावरच्या प्रत्येक डागासाठी तिचा प्रोग्रॅम नमुन्यांची तीच फाइल पुन्हा पहिल्यापासून वाचत होता. तिनं ती एकदाच वाचायची असं केलं. जेवणाच्या सुट्टीआधी चार मिनिटांची आठ सेकंदं झाली. तिनं डबा उघडला आणि नाचणीच्या भाकरीचा अर्धा तुकडा न विचारता माझ्या हातावर ठेवला.

शुक्रवारी मी लॅबच्या दारात उभी होते. काम काही नव्हतं, उगाच एक वायर गुंडाळत होते. दहाही फोटो झाले. मग तिनं वेळ कुठं जात होता ते प्रोफायलरवर चालवून दाखवलं, तशी परीक्षकांची भुवई वर गेली.

"हे साध्या लॉगिनवर चालत नाही. तुला रूट दिलंय का?"

"नाय सर."

"असं?" ते हसले. "मग बाहेर बाकावर बसलेल्या त्या मुलाची फाइल पुसून दाखव बघू."

विभागप्रमुख खुर्चीतून अर्धे उठले. त्या मुलाची परीक्षा पुढच्याच तासाला होती. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मला ठाऊक होतं, सगळं मीच तपासलं होतं, तरी मनातल्या मनात एकदा उजळणी केली. मी मान डोलावली.

तिनं कमांड दिली. पडद्यावर तीच ओळ उमटली, जिनं आम्हाला दोन दिवस छळलं होतं. परवानगी नाही.

"नाय होत, सर," ती म्हणाली. तिचा आवाज अजिबात हलला नाही. "आमाला बघायला दिलंय, पुसायला नाय."

परीक्षकांनी पेन उघडलं आणि ते मान खाली घालून बराच वेळ लिहीत राहिले. विभागप्रमुख हळूच खाली बसले. बाहेरच्या मुलाला यातलं काहीच कळलं नाही, तो आपला वही चाळत होता. त्याचं काम जागच्या जागी होतं, हिचं वर्ष वाचलं होतं, आणि मी दारात वायर हातात धरून इतकी ताठ उभी होते की शिपाई मला विचारून गेला, "ताई, बरं हाय ना?"