नकली निघो रे देवा

आमच्या ह्यांना एकोणिसाव्या शतकाचं वेड आहे. माणूस पैसे मोबाईलवर पाठवतो, पण डोकं सगळं गोऱ्या साहेबांच्या जमान्यात. चंद्रपुरात आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. गिऱ्हाईक नसलं की हे भिंग डोळ्याला लावून जुनी नाणी, पितळी बिल्ले, शिक्के बघत बसतात. त्या काळावर नवं पुस्तक निघालं की गावात पहिली खबर यांना. आणि नशीब असं, की आजवर घेतलेली एकही वस्तू अस्सल निघाली नाही. दर वेळी कोणीतरी जाणकार सांगतो, "भाऊ, फसले तुम्ही." मग घरात सुतक.

मागच्या हिवाळ्यात पार्सल आलं. त्या काळच्या शिकारींवरचं नवंकोरं जाडजूड पुस्तक आणि सोबत संग्राहकांसाठी म्हणून एक लाकडी पेटी. पेटीत जुन्या नकाशाची प्रत, पितळी शिट्टी, आणि लाल मखमलीवर चांदीत मढवलेलं वाघाचं नख.

"पाह्य ना, अस्सल हाये!" हे म्हणाले. भिंग डोळ्यावरून काढेनात.

मी कपाळावर हात मारून घेतला. आमचा मुलगा मोहर्लीला, ताडोब्याच्या गेटवर पर्यटकांची जिप्सी चालवतो. वाघाचं नख घरात सापडलं तर जेल, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. आणि ज्याची भाकर वाघावर, त्याच्याच घरात नख? उद्या त्याला गेटवर उभं तरी करतील का कोणी?

संध्याकाळी तो आला, पेटीत बघितलं आणि पांढराफटक पडला. आधी त्यानं दार लावून घेतलं.

"फेका हे, बाबा." मग लगेच, "नाई, फेकू नका! कोणाले सापडलं तर?"

झालं! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. जाळावं तर गल्लीभर वास सुटेल. पुरावं तर कुत्रे उकरतील. मी ते तुरीच्या डाळीत लपवलं, तिथून काढून पिठात, पिठातून गादीखाली. कडी वाजली की आधी मी गादी चाचपायचे. दूधवाला आला तरी मला खाकी दिसायची. ह्यांच्यावर भांडले तेही दबक्या आवाजात, कारण भिंतीलाही कान असतात. तसं भांडून बघा कधी, घसा नाही दुखत, छाती दुखते.

मुलगा ताटावर बसून नुसता भात चिवडत होता.

"लहान होतो तवा बरं होतं, माय," तो म्हणाला. "भेव लागू नाई म्हणून गळ्यात पुडी बांधून देत होती तू."

बांधत होते खरी. बाळंतपणाला मी माहेरी, वरोऱ्याला होते. हा झोपेत दचकून उठायचा. तेव्हा माझ्या आईनं काळ्या कापडात शिवलेली एक पुडी त्याच्या गळ्यात घातली. "तुह्या पणजोबाच्या वेळची जडी हाये. उसवून पाहू नको, न नवऱ्याले सांगू नको. गुण जाते." मी पाहिलं नाही, सांगितलंही नाही. ह्यांना वाटलं, बाया बांधतात तसलंच काहीतरी. ती पुडी अजून त्याच्या टोपड्यासोबत ट्रंकेत आहे.

सकाळी हेच म्हणाले, "चला, आपणच नेऊन देऊ."

"हात दाखवून अवलक्षण!" मी म्हटलं. पण दुसरा मार्ग तरी कुठे होता? तिघं ऑटोनं वनविभागाच्या ऑफिसला निघालो. पेटी माझ्या मांडीवर, पदराखाली. वाटेत पाहते तर ह्यांचे ओठ हलताहेत.

"काय पुटपुटून राह्यले?"

"नकली निघो म्हणतो, दुसरं काय."

मला तेव्हा त्यांची फार दया आली. जन्मभर अस्सलासाठी झुरलेला माणूस देवाकडे नकली मागत होता.

ऑफिसातल्या साहेबांनी ते नख खिडकीशी नेलं, उलटंसुलटं केलं, चांदीची वाटी सैल करून पाहिली. मुलाच्या कपाळावरचा घाम हनुवटीपर्यंत आला होता, पण तो पुसेना.

"भाऊ, फसले तुम्ही," साहेब म्हणाले. "साच्यातलं आहे. ही बघा जोडाची रेघ. अस्सल नख बुडाशी पोकळ असतं, आतल्या अंगाला खाच असते. हे भरीव आहे."

मुलगा मटकन खाली बसला, हसायला लागला आणि हसता हसता रडला. हे त्या खोट्या नखालाच हात जोडत होते. माझाही जीव भांड्यात पडला.

पण पडला न पडला तोच धस्स झालं. पोराला पाजताना त्याच्या छातीवरच्या पुडीशी माझी बोटं चाळा करायची. आत काहीतरी वाकडं, कडक. टोकाला बोचणारं. आतून खाच. आणि जाड बाजूला दाबलं की कापड आत जायचं, करंगळीचं टोक मावेल इतकं. जडी कसली? माझा पणजोबा साहेबलोकांच्या शिकारीत हाकारे घालून वाघ बंदुकीपुढे आणायला जायचा. आई किती कौतुकानं सांगायची ते.

"घरी आणखी असं काही जुनं नाही ना, बाई?" साहेबांनी सहज विचारलं.

माझ्या आधी हेच बोलले. "जुनं तं सारंच हाये, साहेब. पण अस्सल एकबी नाई!"

सगळे हसले. मुलगा तर डोळे पुसत हसला, शर्टावरच्या गेटच्या बिल्ल्यावर हात ठेवून.

"नाई साहेब," मी म्हणाले, "काहीच नाई."

तेव्हापासून ट्रंकेला मी कुलूप घातलंय. हे विचारतात, "एवढं काय जपून राह्यली त्यात?"

"पोराचं टोपडं," मी सांगते.