आधी लिहा, मग बुडवा

त्या रविवारी दुपारी आम्ही दोघं लालबागच्या खोलीत लिटमसचे कागद कापत बसलो होतो. ती माप धरायची, मी कात्री चालवायचो. आम्ही दोघांनी मिळून धड केलेलं ते शेवटचं काम. मंगळवारी तिचा रिपोर्ट आला आणि अडीच महिन्यांत सुमन गेली. माझी बायको होती, सत्तेचाळीस वर्षं.

मी सातवी नापास, गिरणीत रंगखात्यात होतो. ती परळच्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागली आणि ऐकून ऐकून मास्तरांना चुका दाखवायला लागली. रिटायर झाल्यावर चाळीतली दहावीची पोरं संध्याकाळी आमच्याकडे बसायची. ऑक्साइड आम्ल की आम्लारी, हे पाठ करायचं नाही, ओळखायचं, हा तिचा हट्ट. धातूचं ऑक्साइड पाण्यात विरघळलं तर आम्लारी, लाल कागद निळा होतो. गंधकासारखा अधातू जळला तर आम्ल, निळा कागद लाल. पण कागद बुडवायच्या आधी अंदाज वहीत लिहायचाच. अंदाज चुकला तर ती रागवायची नाही. पान कोरं दिसलं की वही थेट गॅलरीत.

त्या रविवारी तिनं माझी तंबाखूची डबी ओढली. "अहो, हा चुना. सांगा, काय होईल?"

"पांढरा आहे, गरीब दिसतो. काही होणार नाही."

"तोंड बघून सांगू नका. कुठून आलाय ते बघा. कॅल्शियमचं ऑक्साइड पाण्यात विझवलं की हा होतो. कॅल्शियम काय? धातू." लाल कागद निळा झाला. "आणि जस्ताचं ऑक्साइड? ते दोघांशीही जमवून घेतं, आम्लाशी आणि आम्लारीशी."

"म्हणजे आमच्या वहिनीसारखं."

ती इतकी हसली की खोकला लागला. तो थांबेना... थांबला तेव्हा तिनं वही माझ्यापुढे सरकवली. "मंगळवारी काय निघेल? लिहा आधी."

मला माहीत होतं. चार महिन्यांत तिनं सगळे ब्लाउज आत घेतले होते. लपवून धुतलेला रुमाल मी दोरीवर बघितला होता, डाग पुरता गेला नव्हता. तरी मी म्हणालो, "मी काय डॉक्टर आहे?" आणि पेन्सिल खाली ठेवली.

तिनं कोऱ्या पानाकडे बघितलं. वही फेकली नाही. मिटली, उशीखाली ठेवली. पुढे इस्पितळातही तिनं मला परत विचारलं नाही. मला कळलंय, मलाही भीती वाटते, एवढं लिहिलं असतं तर तिला ते एकटीला उचलावं लागलं नसतं. भित्रा होतो मी, दुसरं काही नाही.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्याबरोबर अस्थी गोळा करायला स्मशानात गेलो. खिशात तिनं मापलेली एक लाल पट्टी होती आणि ती वही. नळावर पेल्यात पाणी घेतलं, चिमूटभर राख टाकली.

"काका, हे काय करताय?"

"थांब."

हाडांची राख, म्हणजे कॅल्शियम, म्हणजे धातू. त्याच कोऱ्या पानावर लिहिलं, निळा होईल. मग कागद बुडवला.