काकू ‘कुठे’ विचारत नाहीत

बाहेर पडणाऱ्या माणसाला ‘कुठे निघालास’ असं विचारू नये, हे आपल्याला लहानपणीच शिकवलेलं असतं. आपण ते सोयीने विसरतो. इथे अमेरिकेत, रेडमंडमधल्या माझ्या शेजारीण शोभनाकाकू मात्र एकतीस वर्षं ते पाळत आल्या. त्याआधी एकदाच चुकल्या होत्या. जानेवारीतल्या एका सकाळी त्यांनी काकांना दारात विचारलं, ‘‘कुठे निघालात?’’ त्याच दिवशी घाटात काकांची गाडी बर्फावरून घसरली आणि ते परत आले नाहीत. हा निव्वळ योगायोग, असं मी काकूंना कितीदा समजावलं. पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

त्यांचा मुलगा अनीश इथेच जन्मला, अडतीस वर्षांचा, बिनलग्नाचा. दर सप्टेंबरला एकटाच डोंगरावर हरणाच्या शिकारीला जातो. सरकारी जंगल, गाडीरस्ता संपला की दहा मैल पायी, आणि झाडंही उगवत नाहीत अशा उंचीवर तंबू. जमीन सगळ्यांची, म्हणून आपली जागा कुणालाही सांगायची नाही, हा या शिकाऱ्यांचा कायदा. मुलगा सांगत नाही, आई विचारत नाही. छान जमलं होतं दोघांचं!

गेल्या वर्षी पाय मुरगळला आणि तो दोन दिवस उशिरा आला. मेसेज पाठवायचं यंत्र खडकावर आपटून फुटलेलं. शेरीफच्या, म्हणजे इथल्या पोलिसांच्या, ऑफिसने फोनवर पहिलंच विचारलं, तो गेलाय कुठे? काकूंच्या हातातून मी फोन घेतला, पण मलाही सांगता येईना. ते दोन दिवस त्या माउलीच्या घशाखाली घास उतरला नाही.

म्हणून या वर्षी मी म्हटलं, ‘‘काकू, निघताना नका विचारू, आधी विचारा!’’ ऑगस्टमध्ये अनीशने जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरले, तेव्हा काकू पोह्यांची बशी घेऊन शेजारी बसल्या.

‘‘तंबू कोणत्या जागी लावणार?’’

‘‘आई, स्पॉट कोणी शेअर करत नाही. तू मंडळात सगळ्यांना सांगशील.’’

‘‘मंडळातल्या कोण बायका बंदूक घेऊन येणार आहेत रे?’’ मी म्हटलं.

शेवटी त्याने कागदावर सगळं लिहून दिलं. गाडी कुठे लावणार, तंबू कोणत्या तळ्याजवळ, आणि मंगळवारी संध्याकाळी सहापर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचं. काकूंनी तो कागद फ्रिजवर लावला. मला वाटलं, चला, सुटलो.

निघायच्या सकाळी मी धपाट्यांचा डबा द्यायला गेले, तर अनीश पाठीवर पिशवी चढवून दारातच उभा.

‘‘वीणामावशी, वणव्यामुळे ती ट्रेल कालच क्लोज केली. प्लॅन चेंज केलाय. डोन्ट वरी.’’

म्हणजे फ्रिजवरचा कागद रद्दी!

‘‘मग नवी जागा लिहून दे,’’ मी म्हटलं.

‘‘लेट होतंय यार. पोचलो की कॉल करतो.’’

‘‘तिथे फोन लागतो का रे?’’

पण त्याने पाऊल बाहेर टाकलं होतं. मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी दाराची चौकट घट्ट धरली होती, ओठ पांढरे पडले होते. विचारलं तर काका डोळ्यांसमोर, न विचारलं तर मंगळवारी पुन्हा शेरीफचा तोच प्रश्न. तो पायऱ्या उतरून गाडीपाशी पोचला, दार उघडलं.

‘‘अनीश,’’ काकूंनी हाक मारली. ‘‘कुठे निघालास?’’

तो जागीच थांबला. वडील गेले तेव्हा सात वर्षांचा होता. त्यानंतर हा प्रश्न त्याने आईच्या तोंडून ऐकला नव्हता.

तो परत आला, ओझं उतरवलं, बूट काढले आणि आत येऊन खुर्चीवर बसला. कुणी असं विचारलंच, तर मागे फिरून बसायचं, पाणी पिऊन मग निघायचं, हेही आपल्याला शिकवलेलं असतं. काकूंनी पाणी दिलं. ते पिऊन त्याने फ्रिजवरचा कागद काढला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नवी जागा लिहिली, खाली छोटासा नकाशाही काढला.

‘‘तुझे बाबा बसले नव्हते रे,’’ काकू म्हणाल्या. ‘‘घाईत होते.’’

‘‘मी बसलोय ना, आई,’’ तो म्हणाला आणि रिकामा ग्लास पुढे केला. ‘‘अजून दे.’’