आठ मापं आणि एक मूठ

बेकरीत काम केलेल्या माणसाच्या कपड्यांना मैदा चिकटतो आणि जिभेला किस्से. कपडे निदान धुता येतात! सत्तर सालाच्या पुढेमागे, मॅट्रिक होताच, मी नगरच्या एका बेकरीत लागले. वडील अंथरुणाला खिळलेले, घर माझ्या पगारावर. काम बिस्किटांची पाकिटं वजन करून बांधायचं. भट्टीवर उस्ताद होते चाचा, मैदा चाळायला गंगूबाई. या दोघांचे उपकार मी विसरणार नाही.

* * *

चाचांचा सगळा कारभार एका मापावर. तुपाच्या जुन्या डब्याला कान लावून केलेलं, पोटात पोचा आलेलं माप. नानकटाईच्या एका घाण्याला मैदा आठ मापं, बस्स! मालकांना मात्र आता सगळं किलोत हवं होतं. मला म्हणाले, "ताई, एक माप तोलून सांग."

गंगूबाईंनी भरलं, सहाशे चाळीस ग्रॅम. चाचांनी भरलं, पाचशे दहा! माप तेच, पोतं तेच. मालकांनी काटा उचलून खालून पाहिला.

गंगूबाई घरी बाजरी मोजायच्या तसंच माप तीनदा ओट्यावर आपटून, वर ढीग येईल अशी शीग लावून भरत. चाचा चाळलेला मैदा अलगद ओतून वरून पट्टी फिरवत.

"ट्रकात बसून बसून मैद्याला झोप लागती," चाचा म्हणाले. "आदी उठवायचा, मंग मोजायचा!"

* * *

मालकांनी एकदा त्याच आकाराचं नवं कोरं माप आणलं. त्या दिवशीची नानकटाई दगड! पोच्याच्या जागेत मावेल तेवढा मैदा आठ वेळा जास्त गेला होता. मालक नवं माप घेऊन चाचांपुढे उभे.

चाचांनी हातोडी मागवली, एकच ठोका दिला आणि माप परत केलं. "घ्या मालक. झालं जुनं!"

* * *

दिवाळीत लोक घरचं तूप, साखर, मैदा आणून नानकटाई भाजून न्यायचे. कर्जतच्या एक काकू मैदा घरीच मोजून आणत, तोही गंगूबाईंसारखा शीग लावून. पहिल्या वर्षी मी न तोलता तो तसाच पुढे दिला. नानकटाई अशी झाली की ट्रेवर पडली तर आवाज यायचा! मी रडवेली होऊन माफी मागितली.

पुढच्या वर्षी काकू हजर. "पोरी, मागल्या वक्तावानीच कर गं. लई टिकली. पाव्हणं दोनाच्या वर खाईनात!"

* * *

मग चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन, पुढे महिनाभर घरी. मालक म्हणाले, "पहिल्या आठवड्यात माल जमला नाही, तर चाचा येईपर्यंत भट्टी बंद. सगळ्यांनी घरी बसायचं."

ऑपरेशनला जाण्याआधी चाचांनी शेजारी बसवून मला एकेक जिन्नस तोलू दिला. आठ मापं म्हणजे चार किलो ऐंशी ग्रॅम. मी कागदावर लिहिलं. तेवढ्यात त्यांनी वरून एक मूठ मैदा टाकला!

"ही कशाची, चाचा?"

"हवेची."

मी मूठही तोलली. त्या दिवशी साठ ग्रॅम, दुसऱ्या दिवशी पंच्याऐंशी! "हात त्योच हाय," चाचा म्हणाले. "हवा ती न्हाई." शेवटी मी कागदावर 'चाचांची मूठ' एवढंच लिहिलं आणि तो भिंतीला चिकटवला.

* * *

चाचा ऑपरेशनला गेले. पहिल्याच दिवशी माझ्या एका मुठीनं नानकटाई ट्रेवर पसरली. दुसऱ्या दिवशी दोन मुठी घातल्या, तर कडक. तिसऱ्या दिवशी गंगूबाईंनी माझा हात उघडून पाहिला आणि म्हणाल्या, "केवढासा पंजा तुजा! आन् चाचाचा केवढा!" त्या दिवसापासून घाणा साधला. भट्टी एक दिवसही बंद राहिली नाही.

महिन्यानं चाचा आले, डोळ्यावर हिरवी पट्टी. मालकांनी कौतुकानं ताजी नानकटाई हातात ठेवली. चाचांनी ती कानाजवळ नेऊन मोडली. मग खाल्ली.

"वजन बरोबर हाय. मूठ कुनाची?"

"माझी, चाचा," मी घाबरतच म्हटलं.

"किती?"

"दीड."

चाचांनी चाचपडत भिंतीवरचा कागद शोधला आणि त्यावर बोट ठेवलं.

"माजं नाव खोड. लिही, ताईची दीड मूठ."