मानेवरचं तेल

"कोणी हातसुद्धा नाय लावला ओ मॅडम," परबवहिनी म्हणाल्या. मी फक्त पेशंट कसा पडला एवढंच विचारलं होतं. हात लावल्याचा विषय मी काढलाच नव्हता.

मी अ‍ॅम्ब्युलन्सवरची डॉक्टर. लालबागच्या चाळीतली दुसऱ्या मजल्यावरची खोली. वसंत परब पोटमाळ्यावरून पिंप उतरवताना खाली आदळले होते. हातांना मुंग्या, पाय जड. पायाची बोटं हलवा म्हटलं तर जेमतेम अंगठा हलला.

"पडल्यापासून असंच?"

परबांनी आधी शेजारच्या नानांकडे पाहिलं. उत्तर नानांनीच दिलं. "पडला तसाच आहे."

जमिनीवर पडलेला माणूस पलंगावर होता. माझ्या मनात पाल चुकचुकली.

कॉलर बसवायला मानेखाली बोटं घातली, तर ती सरकली. तेल! कापराचा वास. तोच वास नानांच्या खांद्यावरच्या पंच्याला.

पाठीच्या कण्यातून मज्जारज्जू जातो, मेंदूचे निरोप पायांपर्यंत नेतो. मणका मोडला असेल तर मान, पाठ, कंबर एका रेषेत ठेवूनच माणूस हलवायचा. तसंच त्यांना फळीवर घेतलं, पट्टे आवळले आणि अरुंद जिन्यावरून उतरवलं. मदतीला नाना सगळ्यांच्या पुढे. गाडीतही चढायला लागले.

"तुम्ही नको. वहिनी येतील."

"अहो, मी घरचाच."

"म्हणूनच नको."

दार लागल्यावर मी म्हटलं, "आता खरं बोला. पाय कधी गेले, त्यावर ऑपरेशनची घाई ठरते."

परबांचे डोळे भरले. "तासाभरापूर्वी पडल्यावर चालत पलंगापर्यंत गेलो ओ. मान आखडलेली. नानांनी तेल लावून झटका दिला. मग पाय गेले. त्यांना बोलू नका, देवमाणूस आहे."

मला संताप आला. देवमाणसाची भीड पायांपेक्षा मोठी? हॉस्पिटलला फोन लावला. "तासाभरापूर्वी पेशंट चालत होता. सर्जनना आत्ताच बोलवा."

ऑपरेशन त्याच दिवशी झालं. काही महिन्यांनी त्याच हॉस्पिटलात पेशंट सोडायला गेले, तर परब वॉकर धरून ओपीडीत आलेले. सोबत नाना.

"नाना, मालिश बंद ना?"

"मानेला हात लावत नाय आता."

"आणि कंबरेला?"

नाना खिडकीबाहेर बघायला लागले.

तेव्हापासून मी 'काय झालं?' नंतर विचारते. आधी विचारते, 'तेल कोणी लावलं?'